होम्सने ज्याला नावं ठेवली तो लकॉक खरंच इतका टाकाऊ होता?

तळ्यात_मळ्यात :
कॉनन डॉइलच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीत (१८८७) वॉटसन होम्सला विचारतो, फ्रेंच कादंबरीकार गाबोरिओचा गुप्तहेर लकॉक तुला कसा वाटतो? होम्स नाक मुरडतो. म्हणे लकॉक अगदीच गबाळा, अंगात नुसती धडपड. एका कैद्याची ओळख पटवायला त्याने सहाएक महिने घालवले, मी चोवीस तासांत पटवली असती.

आपण सगळे होम्सभक्त, त्यामुळे हसून पान उलटतो. पण एमिल गाबोरिओ (१८३२-१८७३) नसता तर हा होम्स असा घडलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. एडगर ॲलन पो याचा गुप्तहेर द्युपाँ १८४१ चा, म्हणजे आधीचा, कबूल. पण पोने त्याच्या तीनच कथा लिहिल्या. अख्खी कादंबरी पेलेल असा तपास गाबोरिओने रचला. बुटांच्या ठशांचे प्लास्टरचे साचे, चौकशी करणारा न्यायाधीश, पोलिसांची आपसातली खुन्नस, सगळं त्यात आहे. त्याची 'लाफेअर लरूज' ही कादंबरी १८६६ मध्ये 'ल सोलेय' या दैनिकातून क्रमशः आली आणि तुफान चालली. हे ऋण कुणी मान्य का करत नाही?

खडूस_वाचक :
कारण गाबोरिओ वाचवत नाही! त्याची 'मस्य लकॉक' कादंबरी घ्या. पहिला भाग झकास. पॅरिसच्या वेशीजवळचा कळकट गुत्ता, तिथे तीन खून, मागच्या पडीक जागेत बर्फ, आणि त्या बर्फावरचे ठसे लकॉक छापील पान वाचावं तसा वाचतो. आता कोडं सुटणार म्हणून सरसावून बसावं, तर दुसरा भाग थेट १८१५ मध्ये! सरंजामदार, सूडचक्र, घराण्याची अब्रू. शेकडो पानं लकॉकचा पत्ता नाही. गुप्तहेरकथा मागवली होती हो, कौटुंबिक मालिका नाही.

तळ्यात_मळ्यात :
आणि 'स्टडी इन स्कार्लेट'चा दुसरा भाग कुठे घडतो? युटाच्या वाळवंटात, मॉर्मन लोकांत! तिथेही होम्स गायब. सांगाडा तोच उचलायचा आणि वर मूळ मालकाला गबाळा म्हणायचं. डॉइलने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की गाबोरिओच्या कथानकांची चपखल जुळणी त्याला आवडायची. म्हणजे नाक मुरडणारा होम्स, डॉइल नव्हे.

खडूस_वाचक :
म्हणजे दोष दोघांचा. डॉइल लवकर सुधारला आणि लघुकथांकडे वळला. तुमचे साहेब दर वेळी तेच.

कोकणकडा :
मी तळ्यात_मळ्यात यांच्या बाजूने. गाबोरिओच्या 'ओर्सिव्हाल' कादंबरीतलं घड्याळ आठवतंय का? वाड्यात सगळी उलथापालथ, खाली पडलेलं घड्याळ तीन वीसला बंद. सगळे म्हणतात, खून तेव्हा झाला. लकॉक काटा साडेतीनवर सरकवतो आणि ठोके पडतात अकरा! काटे कुणीतरी मुद्दाम फिरवलेत. भाषण नाही, काही नाही. यानंतर कितीतरी लेखकांनी घड्याळाशी खेळ केला, पण इतका सुटसुटीत मी तरी वाचलेला नाही.

दुसरं म्हणजे त्याच्या प्रभावाचा पसारा. मेलबर्नमध्ये फर्गस ह्यूमने पुस्तकवाल्याला विचारलं, सगळ्यात जास्त काय खपतं? उत्तर मिळालं, गाबोरिओ. तो वाचून पठ्ठ्याने 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब' (१८८६) लिहिली. जपानमध्ये कुरोइवा रुइको याने 'लरूज'चं रूपांतर केलं, तेही डॉइल गाजायच्या आधी.

खडूस_वाचक :
खप म्हणजे दर्जा असेल तर वाद संपलाच म्हणायचा.

रातराणी_७ :
तुम्ही दोघं लकॉकवरच अडकलात. 'लरूज'मध्ये खरा तपास म्हातारा ताबारे करतो, लकॉक तोंडी लावण्यापुरता. (पुढे रहस्यभेद आहे.) ताबारे एका म्हातारीच्या खुनाची जागा बघून खुन्याची उंची, टोपी, छत्री, सिगारपर्यंत सगळं सांगतो आणि सगळं बरोबर निघतं. तरी अटक होते भलत्याच तरुणाची. 'त्या वेळी मी कुठे होतो' याचा पुरावा त्या तरुणाला देता येत नाही, तेव्हा ताबारे हादरतो. इतका धोरणी खुनी असला पुरावा तयार ठेवल्याशिवाय राहणारच नाही, म्हणजे हा निर्दोष! पण न्यायाधीश ऐकेल तर ना. शेवटी हाच ताबारे फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून अर्जांवर सह्या करतो. होम्सच्या हुशारीपायी कुणी निरपराध असा तुरुंगात गेलाय?

खडूस_वाचक :
आणि खरा खुनी कोण निघतो? ताबारेचा लाडका शेजारी, ज्याला तो मुलासारखा मानतो! एवढ्या मोठ्या पॅरिसमध्ये नेमका तोच. शिवाय पाळण्यातल्या बाळांची अदलाबदल. फाशीबद्दलचा मुद्दा चांगला आहे, मान्य, पण तिथवर पोचायला काय काय गिळावं लागतं!

रातराणी_७ :
रोज वर्तमानपत्रात हप्ता पाडणाऱ्याकडून काटकसरीची अपेक्षा कशाला? बाळांची अदलाबदल हीच तर त्या खुनाची मुळी आहे. ती काढली तर म्हातारीला मारायचं कारणच उरत नाही.

नवशिक्या :
भांडण छान चाललंय, पण मी सुरुवात कुठून करू?

कोकणकडा :
'ओर्सिव्हाल'.

खडूस_वाचक :
त्यातही मध्येच प्लांता नावाचा गावचा न्यायाधीश लांबलचक पूर्वकथा सांगायला बसतो. आधीच सांगून ठेवतो, मग म्हणू नका.