स्किझोफ्रेनियातील विसरभोळेपणावर उपचार : नाशिकमधील अनुभवींचा सल्ला हवा

सिडकोकर : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित असल्यामुळे दोन वर्षांपासून भास आणि संशय थांबले आहेत. परंतु किराणा दुकानातून तीन जिन्नस आणायला सांगितले की तो एकच घेऊन परततो, आणि सातपूरच्या कारखान्यातले पॅकिंगचे काम त्याला अठरा दिवसांत सोडावे लागले. वडील याला आळस म्हणतात. बुद्धी तल्लख करणारे एखादे नवे औषध आले आहे का, हे मी विचारते आहे.

गोदाकाठ : ताई, हा आळस नव्हे. लक्ष, स्मरण, कामाची आखणी आणि विचारांचा वेग यांवर होणारा परिणाम हा आजाराचाच भाग असून नेहमीच्या गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. खास यासाठी बनवलेले आयक्लेपर्टिन हे नवे औषध मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरल्याचे जानेवारी २०२५ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केले, तेव्हा 'ब्रेन टॉनिक'वर पैसे घालवू नका. आधी डॉक्टरांची चिठ्ठी तपासा. हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल दिले आहे का? या गोळीने स्मरणशक्ती आणखी मंदावते. माझ्या मुलाला ती गरज संपल्यावरही चार वर्षे चालूच राहिली होती. मात्र स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

जुना_गंगापूर_रोड : यात भर घालतो. कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचे प्रशिक्षण असते. त्यात लक्ष आणि स्मरणाचे सराव तर असतातच, पण प्रशिक्षित थेरपिस्ट सोबत बसून युक्त्या शिकवतो आणि त्या प्रत्यक्ष कामात वापरून घेतो, तेव्हाच खरा फायदा दिसतो. नुसते मोबाईलवरचे खेळ घरी खेळून खेळातलेच गुण वाढतात. मानसोपचारतज्ज्ञांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टबद्दल थेट विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही जवळच्या सेवेची चौकशी करता येते. दम लागेल अशा चालण्याचाही उपयोग होतो; आम्ही दोघे भाऊ सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारतो, कारण माझ्या आजारी भावाला एकट्याला पाठवले तर तो बाकावरच बसून राहतो. सामानाची यादी तुमच्या भावालाच लिहू द्या, आणि दुकानात एकेक वस्तू घेतली की त्याच्याच हाताने खोडून घ्या.

सिडकोकर : चिठ्ठी पाहिली. ती गोळी रोज दोनदा चालू आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जाताना वडिलांनाही सोबत नेते.