साठीनंतर फुगडी: अंगातली चपळाई परत मिळवता येते का?

मधुमालती:
माझे वय ६१ आहे. नोकरीतून निवृत्त होऊन दीड वर्ष झाले. रोज सकाळी पाऊण तास चालते, रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात आहे आणि मधुमेह नाही; त्यामुळे वयाच्या मानाने आपली प्रकृती ठणठणीत आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या श्रावणात भाचसुनेच्या मंगळागौरीला गेले आणि ती समजूत मोडली. लहानपणी आमच्या वाड्यात फुगडीत मला कोणी हरवत नसे. येथे मात्र चार गिरक्यांतच भोवळ आली, आणि बसफुगडीसाठी उकिडवी बसले तर उठवायला दोघींना हात द्यावा लागला. त्याहून खटकले ते असे, की उडी मारण्याआधीच पडलो तर कुठे लागेल, हा विचार मनात आला. पूर्वी तो कधी येत नसे. मला स्पर्धेत उतरायचे नाही, पण अंगातला हा खेळकरपणा परत मिळवता येतो का, आणि येत असल्यास सुरुवात कोठून करावी? इतके चालूनही हे असे का झाले?

सांधेजोड:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात: संथपणे पण दीर्घकाळ काम करणारे, आणि झटकन जोर लावणारे. वाढत्या वयात दुसऱ्या प्रकारचे तंतू आधी बारीक होतात, आणि सपाट रस्त्यावरच्या ठरावीक चालीत त्यांना फारसे कामच पडत नाही. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून सावरणे, उडी मारून हलके उतरणे, दिशा बदलणे ही सगळी त्यांची कामे. म्हणजे आपले चालणे वाया गेलेले नाही. हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी ते हवेच, परंतु त्यातून चपळाई टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारी हालचाल करावी, असे वेगळे सांगितले आहे. पासष्टीची वाट न पाहिलेली बरी.

भोवळीचे कारण निराळे आहे. अंतर्कर्णातील द्रव गिरकी थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो आणि मेंदूला चुकीची खबर देतो. ज्या मेंदूला गिरक्यांची सवय असते तो ती खबर मनावर घेत नाही. चाळीस वर्षे गिरकी न घेतलेला मेंदू घाबरतो. फुगडी घालताना जोडीदारणीच्या चेहऱ्याकडे पाहावे, असे जुन्या बायका सांगत, त्यात तथ्य आहे: तो चेहरा आपल्याबरोबरच फिरत असल्यामुळे डोळ्यांना स्थिर राहतो. मात्र अंथरुणात कूस बदलतानाही घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर ती सवयीची बाब नव्हे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. रक्तदाबाच्या गोळीमुळे उकिडव्या बैठकीतून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

प्रथम दोन गोष्टी मोजून पाहा. हात छातीवर घडी घालून, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीची संख्या १२ पेक्षा कमी भरली, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे असे मानतात. नंतर ओट्याजवळ एका पायावर उभे राहा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांची अशी पाहणी झाली होती (ती २०२२ साली प्रसिद्ध झाली). त्यांपैकी साधारण पाचातील एकाला १० सेकंदही उभे राहता आले नाही.

बंड्यो:
सावध करण्यापुरते लिहितो. वयाच्या ६७ व्या वर्षी सोसायटीच्या आवारात नातवंडांबरोबर क्रिकेट खेळताना एका धावेसाठी जोरात पळालो आणि पोटरीचा स्नायू फाटला. सहा आठवडे काठी घेऊन फिरलो. मी रोज सूर्यनमस्कार घालत असे, त्यामुळे आपल्याला काही होणार नाही असा माज होता. परंतु त्याआधीच्या वीस वर्षांत मी एकदाही धावलो नव्हतो, हे पोटरीच्या लक्षात होते. वेग ही शेवटची पायरी समजावी. आणि फुगडीत हात सुटला तर माणूस मागे पडतो, तेव्हा साठीनंतर तो खेळ मुळात हवाच का, याचाही विचार करावा.

नऊवारी:
बंड्योकाका, पोटरीबद्दलचे पटले, फुगडीबद्दलचे नाही. आमच्या डोंबिवलीच्या मंगळागौर गटात बारा जणींपैकी सात जणी पंचावन्नच्या पुढच्या आहेत. खेळ धोक्याचा होतो तो क्रम चुकला म्हणून. आम्ही नव्या मैत्रिणीला पहिला महिनाभर फुगडी घालूच देत नाही. आधी जमिनीवर बसणे-उठणे: सुरुवातीला पलंगाचा आधार घेऊन, मग एका हाताने, मग हात न लावता. त्याबरोबर झिम्मा, कारण त्यात टाळी आणि पाऊल यांचा मेळ साधावा लागतो, आणि पिंगा, कारण त्यात कंबर व खांदे मोकळे होतात. गोफ विणणे मला सर्वांत मोलाचे वाटते. दोरी हातात घेऊन कोणाच्या आतून व कोणाच्या बाहेरून जायचे हे चालता चालता लक्षात ठेवावे लागते, एकीचे पाऊल चुकले की सगळी वीण बिघडते, आणि मग ती उलट्या पावलांनी उकलावी लागते. व्यायामशाळेतल्या कोणत्या यंत्रावर हे होईल?

फुगडी त्यानंतर, आणि तीही बेताची: अनवाणी, कोरड्या फरशीवर, साधारण आपल्याच वजनाच्या जोडीदारणीबरोबर, मनगटे पक्की धरून. पायमोजे घालून मुळीच नाही. पहिल्या दिवशी दोन गिरक्या, थांबणे, मग उलट्या दिशेने दोन. बसफुगडी आणि कोंबडा हे प्रकार गुडघ्यांवर फार भार टाकतात, ते आम्ही सुनांकडे सोपवले आहेत. त्यात कमीपणा कसला? ज्यांना हाडांचा ठिसूळपणा आहे त्यांनी गिरक्या व उड्या टाळाव्यात, पण त्यांनाही झिम्म्यात जागा आहे.

माटोळी:
गोव्यात आमच्याकडे चवथीला फुगडी फेर धरून घालतात, त्यामुळे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या एकाच फेरात असतात. ज्याला दम लागतो तो बाजूला होतो, गाणे चालू राहते. जोडीच्या फुगडीची भीती वाटणाऱ्यांनी फेरापासून सुरुवात करावी, असे सुचवते.

मधुमालती:
सर्वांचे आभार. काल मोजून पाहिले. खुर्चीतून ३० सेकंदांत ९ वेळाच उठता आले. उजव्या पायावर २१ सेकंद उभी राहिले, डाव्यावर मात्र ७. याच डाव्या पायाचा घोटा काही वर्षांपूर्वी मुरगळला होता आणि दुखणे थांबल्यावर मी त्याकडे पुन्हा पाहिले नव्हते. कूस बदलताना चक्कर येत नाही, तरीही गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणार आहे. संध्याकाळचा चहा आजपासून खाली मांडी घालून घेत आहे. उठताना अजून एक हात टेकवावा लागतो. सांधेजोड, डाव्या पायाला उजव्यापेक्षा जास्त वेळ द्यावा की दोन्हींना सारखाच? आणि नऊवारी, ठाण्याहून डोंबिवलीला यायला मला अडचण नाही. तुमचा गट कोणत्या वारी भेटतो?