मदत हवी आहे : लहान लेकरासाठी कानाची मशीन कोणती घ्यावी? लवकर सांगा

कपाशी_घाटंजी
नमस्कार. माझ्या मुलीला ऐकू येत नाही. टेस्ट झाली, डॉक्टर म्हणाले मशीन लावा. एका दुकानात १८ हजाराची दाखवली, दुसऱ्या दुकानात ४२ हजाराची, आणि ऑनलाइन तर दोन हजारापासून दिसते. फरक काय ते कोणीच नीट सांगत नाही. सध्या वेचणी सुरू आहे, कापसाचे पैसे मंगळवारी हातात येतील, त्याच्या आत ठरवायचं आहे. ज्यांच्या घरी लहान लेकराला मशीन आहे त्यांनी फक्त कोणती घ्यावी तेवढं सांगा. तेल आणि जडीबुटी सांगू नका, ते सगळं करून झालं.

दारव्हा_रोड
ताई, वय किती? कोणती टेस्ट? एक कान की दोन्ही? रिपोर्टवर डेसिबलचा आकडा काय आहे? हे माहीत नसताना मशीन सांगणं म्हणजे नंबर न काढता चष्मा देणं. दोन हजारवाली तर घेऊच नका. ती सगळाच आवाज सरसकट वाढवते, लेकराच्या रिपोर्टप्रमाणे सेट होत नाही.

वऱ्हाडी_गडी
माह्या बुढ्याले पंधरा वर्षं थ्रेशर चालवून ऐकू येनं कमी झालं. रातभर कानात शिट्टी वाजते म्हणे. डॉक्टर म्हणे आता नस परत येत नाही, मशीन लावा. सहा महिने लावली, मंग पेटीत ठेवून देली, म्हणे सगळ्या गावाचा कल्ला कानात घुसते. तुम्ही सारे भाऊ हंगामात कानात बोळे घालत जा बाप्पा, आता सांगून ठेवतो.

कपाशी_घाटंजी
वय १६ महिने. दोन्ही कान. झोपेचं औषध देऊन डोक्याला वायर लावल्या होत्या. कागदावर दोन्हीकडे ९० डीबी, नो रिस्पॉन्स असं आहे. आता तरी सांगा कोणती.

दारव्हा_रोड
ही बेरा टेस्ट. ९० ला प्रतिसाद नाही म्हणजे बहिरेपणा अतितीव्र. माझा मुलगा असाच होता, म्हणून स्पष्ट सांगतो : अशा लेकराला बहुतेक वेळा नुसत्या मशीनने बोलणं समजण्याइतकं ऐकू येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा विचार आजच सुरू करा. तरीही मशीन लागेलच, कारण ऑपरेशनच्या आधी काही महिने ती लावून फायदा होतो का ते बघतात. म्हणून ४२ हजार घालवू नका. केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळते आणि इम्प्लांटलाही मदत होते, पण जन्मतः बहिऱ्या लेकराचं वय ५ वर्षांच्या आत लागतं. आमचं ऑपरेशन दोन वर्षांचा असताना झालं. स्विच ऑन केला त्या दिवशी तो नुसता रडला, आम्हाला वाटलं सगळं वाया गेलं. पुढच्या जूनमध्ये गोठ्याच्या टिनावर पावसाचे थेंब पडले तर खेळणं टाकून वर बघत बसला आणि माझी बाही ओढली. आता तिसरीत आहे.

निवृत्त_बाई
मी २२ वर्षं मूकबधिर विद्यालयात शिकवलं. इम्प्लांटला माझा विरोध नाही, पण सगळे ऑपरेशनच्या रांगेत लागतात आणि तोपर्यंत लेकराशी कोणी बोलतच नाही, हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे. मुली, आजपासून खुणा सुरू कर. पाणी, दूध, आई, झोप, नको. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओत फुकट आहे, १० हजार शब्दांचा. भाषा यायला कानच लागतो असं नाही, पण पहिली वर्षं लागतात.

दारव्हा_रोड
बाई, आदर ठेवून सांगतो, आमच्या थेरपिस्टने खुणा बंद करायला लावल्या होत्या. खुणांची सवय लागली की लेकरू ऐकायचा कंटाळा करते.

निवृत्त_बाई
हे चुकीचं आहे आणि यानं पोरांचं नुकसान झालेलं आहे. खुणा करणारी मुलं इम्प्लांटनंतर बोलायला शिकलेली मी स्वतः पाहिली आहेत. इम्प्लांटची बॅटरी संपली, यंत्र दुरुस्तीला पुण्यामुंबईला गेलं, महिनाभर आलं नाही, तर त्या महिन्यात लेकरानं काय करायचं?

दारव्हा_रोड
आमचं एकदा गेलं होतं. तीन आठवडे. तो काळ कठीण होता, हे मान्य.

सोयाबीन२०
कापसाला तिकडे काय भाव चालू आहे? आमच्याकडे व्यापारी ओलावा दाखवून कापतात.

औषधी_दुकान
मशीन मिळेल, पण आधी कारण शोधा. बाळ कमी दिवसांचं होतं का? काचेच्या पेटीत होतं? अमिकासिन, जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली होती? कावीळ खूप वाढली होती? तुम्हाला गरोदरपणात अंगावर पुरळ आणि ताप आला होता? रुबेला असेल तर डोळे आणि हृदयही बघावं लागतं. मेंदूज्वर झाला असेल तर आतल्या कानातला शंख, म्हणजे ऐकण्याचा मुख्य भाग, हाडासारखा भरत जातो, मग ऑपरेशनला उशीर चालत नाही. लग्न नात्यातलं आहे का?

कपाशी_घाटंजी
कारण शोधून ऐकू येणार आहे का? दोन्हीकडच्या घरी वर्षभर हेच ऐकते आहे, तू हे खाल्लं असशील, ग्रहणात बाहेर गेली असशील. नऊ महिने पूर्ण भरले, वजन २ किलो ८००, लगेच रडली, पेटीत नव्हती, कावीळ नाही, ताप नाही, नात्यात लग्न नाही. सासूबाई म्हणतात तिच्या निळ्या डोळ्यांना नजर लागली. जन्मापासून बायका डोळे बघायला येतात म्हणून दर शनिवारी लिंबू उतरवतात. त्यांना अजून वाटते की तिला ऐकू येते, कारण ट्रॅक्टर अंगणात आला की ती दाराकडे बघते. तिच्या मागे स्टीलचं ताट आपटून मी स्वतः बघितलं, ती हललीसुद्धा नाही. मला फक्त मशीन सांगा.

जनुक_आणि_आई
थांबा. डोळे निळे म्हणजे किती निळे? घारे की आभाळासारखे? तुमचे आणि मिस्टरांचे कसे आहेत? घरात कोणाच्या कपाळावर पांढरी बट आहे का, किंवा विशी-पंचविशीत केस पांढरे झालेलं कोणी? ट्रॅक्टरचं सोपं आहे, त्याची जमिनीतली थरथर तिच्या पायांना कळते.

कपाशी_घाटंजी
एकदम निळे, दोन्ही. माझे काळे आहेत. मिस्टरांचा एक डोळा काळा आणि एक घारा. त्यांच्या मोठ्या बहिणीला कपाळावर पांढरी बट आहे, जन्मापासून. गावात लक्ष्मीची बट म्हणतात, ती मेंदी लावते. सासऱ्यांचे केस लवकर पिकले होते. ते कोणी बहिरे नव्हते. मिस्टरांना डाव्या कानानं कमी ऐकू येते, पण लहानपणी त्यांचा कान फुटला होता असं सासूबाई सांगतात.

जनुक_आणि_आई
ताई, मी डॉक्टर नाही, माझ्या मुलाला वार्डेनबर्ग सिंड्रोम आहे, म्हणून विचारलं. तुम्ही लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, आमच्या घरचंच चित्र आहे. डच नेत्रतज्ज्ञ वार्डेनबर्ग यांनी १९५१ साली याचं सविस्तर वर्णन केलं. डोळ्यांना, केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानाच्या शंखातही असतात. तिथला विद्युतभार त्यांच्यामुळे टिकतो. गर्भात त्या तिथपर्यंत पोचल्या नाहीत तर ऐकणाऱ्या पेशींचं कामच चालत नाही. एकाच घरात कोणाला फक्त बट, कोणाला फक्त डोळा, कोणाला एक कान, कोणाला दोन्ही, असं होतं. तुमच्या खाण्याचा, ग्रहणाचा, नजरेचा काहीही संबंध नाही. हे घरी मोठ्यानं वाचून दाखवा.

निदान डॉक्टरांनीच करायचं आहे, पण पुढच्या वेळी हे सगळं त्यांना सांगा. मिस्टरांना आणि जमलं तर नणंदेलाही सोबत न्या. मुलीचं पोट साफ होतं ना? एका प्रकारात आतड्याच्या नसाही नसतात आणि जन्मापासून बद्धकोष्ठ असते.

कपाशी_घाटंजी
पोट व्यवस्थित आहे. मग हे माझ्या पुढच्या लेकरालाही होईल का? आणि मशीन लावायची की नाही?

जनुक_आणि_आई
मिस्टरांमध्ये हे असेल तर प्रत्येक मुलात जनुक जायची शक्यता निम्मी. पण जनुक आलं म्हणजे बहिरेपणा येईलच असं नाही. मशीन लावायचीच. वार्डेनबर्गच्या मुलांना इम्प्लांटचा फायदा साधारण चांगला होतो, कारण ऐकण्याची नस सहसा शाबूत असते. एमआरआयमध्ये ते बघतातच. जनुक तपासणी नंतर केली तरी चालेल.

औषधी_दुकान
नंतर का? जनुक कळलं की सगळं कळतं. आधी तीच करावी.

जनुक_आणि_आई
त्याचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात आणि कापसाचे पैसे एकदाच येतात. मुलीचे हे महिने मोलाचे आहेत.

अंधारबाज
माझा मावसभाऊ जन्मतः बहिरा. निवासी शाळेत होता. सुटीत घरी आला की रात्री अंगणातल्या बाजेला धडकायचा, आम्ही त्याला धडपड्या म्हणायचो. अंधार पडला की आमचा हात धरून बल्बखाली ओढत न्यायचा, मगच हातवारे करू द्यायचा. आम्हाला वाटायचं त्याचा तो खेळ आहे. चौदाव्या वर्षी डोळ्यांचा पडदा तपासला तेव्हा अशर सिंड्रोम कळला. नजर बाजूबाजूनं बंद होत होती. बहिऱ्या लेकराचे डोळे दरवर्षी दाखवा, हात जोडून सांगतो. तेच त्याचे कान आहेत.

कपाशी_घाटंजी
म्हणजे माझ्या मुलीचे डोळे पण जातील?

निवृत्त_बाई
नाही ग, तो आजार वेगळा, त्यात डोळ्याचा रंग निळा होत नाही. पण पडदा तपासून घेण्यात तोटा नाही. आणि एक ईसीजी काढ. आमच्या शाळेत एक मुलगी पळण्याच्या शर्यतीत कोसळायची, सगळे फिट म्हणायचे. हृदयाच्या ठोक्यातला दोष निघाला, जन्मजात बहिरेपणासोबत येणारा. ईसीजी पाच मिनिटांचं काम आहे, खर्च फारसा नाही.

वऱ्हाडी_गडी
ताई, जायचं कुठं म्हन्ता? यवतमाळच्या शासकीय मेडिकललेही कान-नाक-घसा आहे, सेवाग्रामलेही आहे, नागपूरले मेडिकल, मेयो, एम्स. सकाळची पहिली एसटी पकडा, बारानंतर ओपीडीत कोनी भेटत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा लेकरं तपासाले सरकारची आरबीएसकेची गाडी येते, त्याईची चिठ्ठी घेतली त जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून पुढचं काम सोपं होते.

दारव्हा_रोड
आणि सोबत : बेराचा मूळ कागद, तिचा आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, लसीकरणाचं कार्ड. इम्प्लांटच्या आधी न्यूमोकोकलची लस झाली आहे का ते बघतात, कारण ऑपरेशननंतर मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज लगेच टाका.

कपाशी_घाटंजी
(तीन आठवड्यांनी) उशीर झाला, वेचणीत वेळच मिळाला नाही. सेवाग्रामला जाऊन आलो. वार्डेनबर्ग असावा असंच म्हणाले. मिस्टरांचा कान त्याच दिवशी तपासला, डाव्या कानात काहीच नाही, आणि पडदा धड आहे, कधी फुटलाच नव्हता. सासूबाई सोबत होत्या. परत येताना एसटीत काही बोलल्या नाहीत. उतरल्यावर मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि घरापर्यंत स्वतः उचलून आणलं. ईसीजी चांगला. एमआरआयची तारीख मिळाली. दोन्ही मशीन ट्रायलवर दिल्या आहेत.

आता अडचण वेगळी. ती मशीन काढून तोंडात घालते. कानात बसवायचा मोल्ड चावून काढला. दिवसातून पन्नास वेळा लावते. काय करू? आणि बाई, "दूध"ची खूण तिनं काल स्वतःहून केली. मुठीची.

दारव्हा_रोड
आधी बॅटरीचं झाकण लॉकवालं आहे का बघा, नसेल तर उद्याच बदलून मागा. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननळी जळू शकते. गिळल्याचा संशय जरी आला तरी वाट बघू नका, सरळ दवाखाना. जुने सेल मोजून परत करायचे, घरात उघडे ठेवायचे नाहीत. मशीनला दोरी बांधून दुसरं टोक पाठीमागे झबल्याला क्लिपनं लावा, समोर लावलं की ओढते. वर कानटोपी, पातळ सुती, मायक्रोफोनवर जाड कापड येऊ देऊ नका. अर्धा तास लावा, तेवढा वेळ मांडीवर घेऊन खेळवा, मग काढा. वाढवत न्या. कान वाढतो तसा मोल्ड लहान पडतो, मशीनची शिट्टी वाजायला लागली की नव्या मोल्डचं माप द्या.

निवृत्त_बाई
मुठीची खूण केली! तिला लगेच दूध दिलंस ना? पोट भरलेलं असलं तरी दोन घोट दे.