मदत हवी आहे: चामड्याच्या संदर्भात ‘क्युअर’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कोणता?

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून कोल्हापुरी चपला बनतात. सासरे आणि दीर तळ कापण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचे सारे काम हाताने करतात आणि चप्पल लाईनीतल्या दुकानदारांना माल देतात. गेल्या वर्षापासून परदेशातील एका लहान दुकानाचीही मागणी येऊ लागली असून त्यांच्याशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. व्याकरण बऱ्यापैकी जमते, परंतु एकाच शब्दाला अनेक अर्थ असले की माझा गोंधळ होतो.

प्रत्येक जोडासोबत पाठवायच्या माहितीपत्रकात मी लिहिले होते, ‘द लेदर इज क्युअर्ड विथ बाभूळ बार्क’. कच्च्या कातड्याच्या एका बिलावर ‘सॉल्ट क्युअर्ड’ असे वाचले होते, त्यावरून कातडे कमावण्यालाच ‘क्युअर’ म्हणत असावेत, असा माझा समज झाला. ते पत्रक वाचून त्या दुकानातून विचारणा आली, की तुमचे चामडे कमावलेले आहे की नुसते टिकवून ठेवलेले, आणि ओले झाल्यावर ते कुजेल का? सासऱ्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याशिवाय दुसरे चामडे त्यांनी कधी हातात धरलेले नाही, आणि माझ्या एका शब्दामुळे त्याच चामड्यावर शंका घेतली गेली.

त्यानंतर मी हा शब्द जिथे दिसेल तिथे टिपून ठेवू लागले. शाळेत आपण ‘क्युअर’ म्हणजे रोग बरा करणे एवढेच शिकलो. आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे. तिथे स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात, त्याला ‘क्युरिंग’ म्हणतात. निपाणीकडे तंबाखू उन्हात वाळवतात, त्यालाही इंग्रजीत ‘सन क्युअरिंग’ म्हणतात. मिठाने कातड्यातले पाणी बाहेर निघते, उन्हाने तंबाखूतले जाते, आणि स्लॅबला मात्र उलट पाणी द्यावे लागते. पाणी काढणे आणि पाणी घालणे, या दोन्हींसाठी एकच शब्द कसा चालतो? या सर्व अर्थांना जोडणारा धागा कोणता आहे, आणि माझ्या वाक्यात कोणता शब्द योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

*

उत्तर:

ताई, धागा आहे ‘काळजी’. हा शब्द लॅटिनमधील ‘कूरा’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ काळजी, निगा असा आहे. ‘क्युरेटर’, ‘अॅक्युरेट’ आणि ‘सिक्युअर’ हे शब्दही याच मुळाचे आहेत. (इंग्रजीतला ‘केअर’ मात्र दिसायला जवळचा असला, तरी त्याचे मूळ वेगळे आहे.) एखादी वस्तू टिकाऊ किंवा वापरण्याजोगी होईपर्यंत तिची ठरावीक पद्धतीने निगा राखणे, असा व्यापक अर्थ धरला, की पाण्याचा विरोध उरत नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने होते. म्हणून साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. कातड्यात मात्र पाणी राहिले, तर जिवाणू वाढून ते सडते. ज्या वस्तूला जे हवे, ते देणे म्हणजे तिचे ‘क्युअरिंग’.

आता आपल्या वाक्याकडे वळू. जनावराचे कातडे कमावणाऱ्याकडे पोहोचेपर्यंत सडू नये म्हणून त्याला मीठ लावतात, तेवढ्यालाच ‘क्युअर’ म्हणतात. ते तात्पुरते असते. मीठ धुऊन काढले की कातडे पुन्हा कच्चे. सालीतील टॅनिन कातड्यातील तंतूंना कायमचे बांधते आणि कातड्याचे चामडे होते, त्या क्रियेला ‘टॅन’ म्हणतात. माझ्या आजोळी कमावणाऱ्यांकडे मी हे पाहिले आहे: कातडे पिशवीसारखे शिवून टांगलेले, आत सालीचे तांबूस पाणी, ते खालच्या भांड्यात थेंब थेंब गळायचे आणि भांडे भरले की पुन्हा वरून ओतायचे. ते ‘टॅनिंग’. आपल्या पत्रकात ‘व्हेजिटेबल टॅन्ड’ हा शब्दप्रयोग हवा, आणि मराठीत लिहिताना ‘क्युअर’साठी खारवणे व ‘टॅन’साठी कमावणे हे शब्द वापरावेत. कमावणे म्हणजे पैसे मिळवणे एवढेच शिकलेल्या परक्या माणसाला ‘कमावलेले चामडे’ वाचून असाच प्रश्न पडेल.

रोगाच्या अर्थाने लिहितानाही एक चूक आपल्याकडे हमखास होते. मराठीत आपण आजारा‘वर’ इलाज म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘क्युअर ऑन’ लिहिले जाते. तिथे नाम असेल तर ‘क्युअर फॉर’ आणि रुग्ण बरा झाला असे सांगायचे असेल तर ‘क्युअर्ड ऑफ’ हवे. शिवाय ‘ट्रीट’ म्हणजे उपचार करणे. त्याने रोग जाईलच असे नाही. जखम भरून येते तेव्हा ‘हील’ म्हणतात.

*

मनःपूर्वक आभार. सासऱ्यांना मी ‘कूरा’चा अर्थ सांगितला आणि नवे वाक्य वाचून दाखवले: ‘द लेदर इज व्हेजिटेबल टॅन्ड विथ बाभूळ बार्क अँड हिरडा’. ‘हिरडा’ म्हणजे काय हे त्या लोकांना कसे कळणार, असे त्यांनी लगेच विचारले. इंग्रजीत त्याला ‘मायरोबलन’ म्हणतात, असे शोधल्यावर सापडले. त्यामुळे पत्रकात हिरडा हे आपले नाव आधी ठेवून पुढे तो शब्द लिहिणार आहे. पुढच्या आठवड्यात 40 जोड जायचे आहेत. त्यांच्यासोबत हेच पत्रक जाईल.