‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ : चित्रपटानंतर मूळ कादंबरी वाचताना

प्रश्न

एइको कादोनो यांची १९८५ ची ही जपानी कादंबरी मी इंग्रजी अनुवादावरून माझ्या दहा वर्षांच्या मुलीला रोज रात्री थोडी थोडी मराठीत सांगितली. हायाओ मियाझाकी यांचा १९८९ चा चित्रपट तिने आधीच पाहिला होता. त्यामुळे किकी या छोट्या चेटकिणीची उडण्याची शक्ती कधी जाते आणि दोराला लोंबकळणाऱ्या तोंबो या तिच्या मित्राला ती कधी वाचवते, याची ती शेवटच्या प्रकरणापर्यंत वाट पाहत होती. पुस्तकात यातले काहीच नाही. तेरा वर्षांची किकी पौर्णिमेच्या रात्री घर सोडते, जीजी या काळ्या मांजरासह कोरिको शहरात येते, बेकरीवाल्या बाईंच्या आधाराने वस्तू पोहोचवण्याचे काम सुरू करते आणि दर प्रकरणात नवे गिऱ्हाईक येते, एवढेच. मला पुस्तक फार आवडले, मुलगी मात्र हिरमुसली. हे कथानक खरोखर विस्कळीत आहे का? शिवाय ‘चेटकीण’ हा शब्द माझ्या सासूबाईंना रात्रीच्या वेळी घरात नको वाटतो. त्याऐवजी काय म्हणावे?

प्रतिसाद १

मला ते विस्कळीत वाटत नाही. चित्रपटाला दोन तासांत एक कळस गाठायचा होता, कादंबरीला एक पूर्ण वर्ष जगून दाखवायचे आहे. परक्या गावी वर्षभर राहून स्वतःचे पोट भरणे हीच चेटकिणीच्या मुलीची परीक्षा असेल, तर खलनायकाची गरजच उरत नाही. किकीला आईकडून फक्त उडता येते. वनौषधी लावून शिंकांवरचे औषध करण्याचा धीर तिच्यापाशी नाही. उडतानाही तिचे लक्ष भरकटते, म्हणून आईने गावातल्या उंच झाडांच्या शेंड्यांना घंटा बांधून ठेवल्या आहेत. मुलगी फार खाली आली की पाय लागून घंटा वाजते आणि ती सावरते. आईची काळजी इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी गोष्ट मी मुलांच्या पुस्तकात क्वचितच वाचली आहे.

प्रतिसाद २

वरच्या मताशी मी बराचसा सहमत आहे, तरी मधली एक-दोन प्रकरणे सैल आहेत हे मान्य करायला हवे. मला सगळ्यांत जवळची वाटली ती किकीच्या मोबदल्याची रीत. ती ठरावीक दर लावत नाही. लोक आपल्याजवळचे जे थोडे देतील ते घेते. जपानीत याला ‘ओसुसोवाके’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘वानवळा’ हा शब्द जणू तयारच आहे. आमच्या गावी पहिल्या तोडीच्या गवारीचा वानवळा शेजारी जायचा आणि त्यांचा डबा परत येताना कधीही रिकामा येत नसे. काही नसले तर तळाशी चिमूटभर साखर असे. पुढच्या वेळी सांगताना हा शब्द वापरून पाहा. मुलीला ‘काहीच घडत नाही’ असे वाटते त्या प्रकरणांत नेमके हेच घडत असते.

प्रतिसाद ३

शब्दाबद्दल माझे मत ठाम आहे : ‘चेटकीण’च ठेवा. ‘जादूगार मुलगी’ म्हटले की पत्त्यांचे खेळ करणारे कोणी डोळ्यांसमोर येते आणि गोष्टीतला काटाच निघून जातो. कोरिकोचे लोक काळ्या झग्यातली मुलगी पाहून आधी बिचकतात, तिच्यापासून दूर राहतात. हा संशय आपल्याकडेही परका नाही. बाईवर करणीचा आळ घेऊन तिला मारहाण होते, म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ज्या शब्दाने बाईला गावाबाहेर काढले जाते, त्याच शब्दाची एक मुलगी गावाला हवीहवीशी होते, हे दहा वर्षांच्या मुलीच्या कानावर त्याच शब्दात पडले पाहिजे. सासूबाईंना दिवसा सांगितलेले चालणार असेल, तर दुपारी सांगा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. काल दुपारी घंटांचे प्रकरण पुन्हा सांगितले आणि ‘चेटकीण’ हाच शब्द ठेवला. सासूबाई शेजारी गहू निवडत बसल्या होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारले, “मग ती घरी परत आली का गं?” वर्षानंतर ती आली, पण घरी बसल्या बसल्या तिला कोरिकोचीच आठवण येऊ लागली, असे मुलीनेच त्यांना सांगितले.