मदत हवी आहे: पणजीचं माहेर शोधतोय, जन्माची-लग्नाची नोंद कुठेच नाही

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या आईचं माहेर कुठलं, हे घरात आता कुणालाच सांगता येत नाही. सासरी ठेवलेलं नाव तेवढं माहीत आहे. माहेरचं नाव, आडनाव, गाव, तिन्ही गेलं.

सासर खटाव तालुक्यातलं. ऐकीव माहिती अशी: मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ साली, तिचे आईवडील चार-आठ दिवसांच्या अंतराने गेले. मामाने दोन्ही पोरं सांभाळली आणि दोनेक वर्षांत हिचं लग्न लावून दिलं. धाकटा भाऊ मोठा झाल्यावर म्हसवडच्या यात्रेच्या सुमारास मुराळी म्हणून यायचा. त्यावरून माहेर माण तालुक्यात असावं, असा काकांचा तर्क. मला तो लंगडा वाटतो. सिद्धनाथाच्या रथाला लोक कुठून कुठून येतात.

लग्नाची सरकारी नोंद नसणार हे धरूनच चाललोय. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा, तोवर पणजी सासू झाली होती. जन्माचं म्हणाल तर १९६९ च्या कायद्याच्या आधीचं काही हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. सासरच्या गावचं पाहिलं. पणजोबांच्या नावापुढे १९२४ ला ‘मुलगा’, १९२७ ला ‘मुलगा’, १९३० ला ‘मुलगी’. पोराचं नाव नाही, आईचं तर नाहीच. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख १ जून १९२६. (अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म मास्तरांनी १ जूनला उरकलाय, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवत नाही.) तेव्हा दोन मुलग्यांतले आजोबा कोणते, हाही घोळच.

पणजीचं नाव कागदावर पहिल्यांदा उमटतं ते पणजोबा वारल्यावर, वारसाच्या फेरफारात (जमिनीवरच्या नावातल्या बदलाची नोंद), ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावासकट. त्याआधी सरकारदरबारी ही बाई नव्हतीच.

अशा बाईचं माहेर कुणी शोधून काढलंय का? सुरुवात कुठून केली? आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडच्या नामावळ्यांत सुनांची माहेरं लिहिलेली असतात का?

प्रतिसाद

आजोबांचा घोळ आधी सोडवा, तो सोपा आहे. कोतवाल बुकात मृत्यूही असतात. १९२४ ते १९३० चे मृत्यू वाचून काढा. थोरला लहानपणीच गेल्याचं दिसलं तर आजोबा १९२७ चे. शाळेत घालताना वय वर्षभर वाढवून सांगणं तेव्हा सर्रास चालायचं.

माहेरासाठी मात्र पणजीला शोधू नका, ती सापडणार नाही. तिच्या भावाला शोधा. बाप गेला तेव्हा भाऊ लहान होता. बापाच्या नावावर वीतभर जरी जमीन असली तरी वारस म्हणून त्याचं नाव लागलं असणार, आणि तो अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) असल्यामुळे पालनकर्ता म्हणून कुणाचं तरी नाव असणार. तुमच्या गोष्टीप्रमाणे ते मामाचं. बहिणीचं नाव त्या फेरफारात नसेल. मुलगा असताना मुलीला वारसा १९५६ च्या कायद्याने मिळाला. पण बाप, लहान मुलगा आणि पालनकर्ता मामा अशी तिघांची जोडणी १९१८ ते १९२० च्या फेरफारांत दिसली तर घर सापडलं समजा. पडताळायला त्याच गावचं कोतवाल बुक घ्या: १९१८ च्या ऑक्टोबरच्या आसपास एकाच घरात नवरा-बायकोचे मृत्यू. स्कॅन केलेले बरेचसे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आहेत.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पण गाव कुठलं टाकू? अडलंय तिथेच. माण तालुक्यातली सगळी गावं चाळायची म्हणजे हयात जाईल. आणि त्या वर्षी तर घरंच्या घरं बसली, अशा जोड्या प्रत्येक गावात निघतील.

प्रतिसाद

अहो, कचेरीत कशाला जाताय, आधी माळा उघडा. आहेराची वही बघा! तुमच्या आजोबांच्या नाहीतर त्यांच्या बहिणीच्या लग्नाची. भाचीच्या लग्नात मामाचा, म्हणजे तुमच्या पणजीच्या भावाचा, आहेर लिहिला नाही असं होतच नाही, आणि आहेर उलटा करायचा असतो म्हणून नावापुढे गाव लिहिलेलं असतं. आमच्याकडे सासूबाईंचं आजोळ असंच सापडलं, सगळे कागद धुंडाळून झाल्यावर. पत्रिका छापली असेल तर तीही बघा, मामांची नावं असतात.

प्रतिसाद

काकांचा तर्क लंगडा असला तरी टाकून देऊ नका, फक्त तालुक्याच्या हद्दीत अडकू नका. म्हसवडच्या पलीकडे आटपाडी, आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. इंग्रजी मुलखातल्या सातारा जिल्ह्याच्या कागदांत ती गावं नसणार. संस्थान १९४८ ला विलीन झालं, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्याचंच नाव नंतर सांगली. म्हणजे साताऱ्यात विचारत बसलात तर ‘नोंद आढळत नाही’ एवढंच उत्तर मिळेल, आणि ते खरंही असेल. वायव्येला फलटणचंही तसंच, तेही संस्थान. गावाचं नाव हाती लागलं की ते १९१८ ला कुणाच्या अमलाखाली होतं हे आधी बघा, मग कचेरी ठरवा.

प्रतिसाद

नामावळीबद्दल: आमच्या घराण्याच्या पानावर सुनांची नुसती नावं आहेत, माहेर नाही. तिथे गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय पान उघडत नाही, म्हणजे तुम्हाला आज उपयोग शून्य.

त्यापेक्षा तुमच्या गावात हेळवी येतो का ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अजून येतात, सुगी झाली की. घराण्याची वंशावळ त्यांच्या चोपडीत पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली असते. सोयरीक लिहून ठेवली असेल तर काम झालं. धान्य-पैसे द्यावे लागतात, ते त्यांचं पोट आहे, घासाघीस करू नका.

धागाकर्ता

वही मिळाली! आत्याआजीच्या लग्नाची आहे. वर शके १८६९ एवढं बाळबोधीत वाचता येतंय, बाकी सगळी मोडी. मामाची ओळ पहिल्या पानावर असेल असं वाटतंय. इथे कुणी मोडी वाचणारं आहे का? पानांचे फोटो टाकतो.

प्रतिसाद

टाका, बघतो. शके १८६९ म्हणजे १९४७, लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर १९४८ धरा. फोटो मोबाइलच्या फ्लॅशने काढू नका, फोटोत शाई फिकी पडते आणि पान चमकतं. खिडकीशी उजेडात, एका वेळी पाचसहा ओळी, वरून सरळ. पहिलं पानच नको, दोन-तीन पानं द्या. लिहिणाऱ्याचं वळण कळायला तुम्हाला आधीच माहीत असलेली नावं लागतात, तेव्हा लग्नाला आलेल्या चार-सहा नातेवाइकांची नावं आणि गावंही इथे न टाकता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा. त्यांवरून अक्षर बसलं की ‘बिन’च्या अलीकडे माणूस, पलीकडे त्याचा बाप, आणि ‘मौजे’ किंवा ‘मु॥’ च्या पुढे गाव. मामाच्या बापाचं नाव निघालं तर तेच १९१८ च्या मृत्यूंत शोधायचं.