कोचीचे वकील ए. बी. सालेम – यांच्याबद्दल कुणी सांगेल का?

कोर्टवाली
मागच्या महिन्यात कोचीला जाऊन आले. मट्टनचेरीत ज्यू टाऊनमधलं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघितलं, १५६८ सालचं आहे, चप्पल बाहेर काढून आत जायचं आणि पायाखाली थंडगार निळ्या-पांढऱ्या फरश्या, चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या. वर काचेची झुंबरं. तिथल्याच रस्त्याला ए. बी. सालेम यांचं नाव आहे. गाइडला विचारलं कोण हे, तर म्हणाला वकील होते, लोक त्यांना ज्यू गांधी म्हणायचे, आणि तेवढंच बोलून पुढच्या दुकानाकडे वळला.
मी स्वतः वकिली करते, अजून चौथंच वर्ष आहे, त्यामुळे एका वकिलाचं नाव रस्त्याला आहे आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही हे डोक्यातून जात नाहीये. त्यांनी कुठला खटला लढवला? आणि गांधी का म्हणायचे? कुणी वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

जुनी_पानं
सविस्तर लिहितो, कारण हा माणूस मला फार जवळचा वाटतो.
पूर्ण नाव अब्राहम बराक सालेम, जन्म १८८२. एर्नाकुलमच्या महाराजाज कॉलेजात शिकले, मग मद्रासला जाऊन बीए आणि वकिलीची पदवी घेतली, परत येऊन एर्नाकुलमला प्रॅक्टिस सुरू केली. इथपर्यंत त्या काळच्या कुठल्याही शिकलेल्या माणसासारखंच. पण ते मशुख्रर होते. हा हिब्रू शब्द आहे, अर्थ गुलामीतून मोकळे केलेले. म्हणजे कोचीच्या परदेशी ज्यूंच्या (बाहेरून येऊन तिथे राहिलेल्या, गोरे म्हणवणाऱ्या ज्यूंच्या) घरी पूर्वी जे गुलाम होते आणि ज्यांनी धर्म स्वीकारला, त्यांचे हे वंशज. कितीतरी पिढ्या गेल्या तरी तो शब्द चिकटलेलाच. त्यांच्यातले पदवीधर झालेले सालेम पहिले.
आता तुम्ही जे सिनेगॉग बघितलंत ना, तिथे या लोकांना बाकावर बसता येत नव्हतं. मुख्य दालनाच्या आधी बाहेरची एक खोली आहे, तिथे जमिनीवर बसायचं. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायला नाव पुकारलं जायचं नाही. लग्नसंबंध नाहीत. मेल्यावर पुरायची जागासुद्धा वेगळी. देव एक, प्रार्थना तीच, भाषा तीच, आणि हे सगळं एकाच गल्लीत राहणाऱ्या माणसांमध्ये, ज्यांची दारं एकमेकांच्या समोर उघडतात!
तुम्ही विचारलंत कुठला खटला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम कोर्टाच्या बाहेरचं आहे. आधी त्यांनी काही काळ सिनेगॉगवर बहिष्कार टाकला, नंतर सत्याग्रहाचा मार्ग घेतला, म्हणजे प्रार्थना चालू असताना आत जाऊन ठाण मांडून बसायचं. ज्यू गांधी हे नाव त्यातूनच पडलं. आणि काळ बघा, शेजारी त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह १९२४-२५ मध्ये चालू होता, मंदिराभोवतालचे रस्ते सगळ्यांना खुले करा म्हणून. सालेम १९२५ पासून कोची संस्थानच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये होते, १९२९ च्या लाहोर काँग्रेसलाही गेले होते, तिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. म्हणजे बाहेर जे ऐकत होते तेच ते आपल्या प्रार्थनेच्या जागेत घेऊन आले.
एकदम काही बदललं नाही. आधी मागचे बाक मिळाले, मग बऱ्याच वर्षांनी तोरा वाचायला बोलावणं. पायरी पायरीने.

शेवटची_लोकल
ज्यूंमध्ये पण असं होतं? मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडे. महाडचं तळं १९२७, काळाराम मंदिर १९३०, आणि त्याच सुमाराला तिकडे सिनेगॉगमध्ये एक वकील बाकावर बसायचा हक्क मागतोय, वाचून अंगावर काटा आला.

नवगावचा_किनारा
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे, मूळ गाव अलिबागकडचं, त्यामुळे यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. "ज्यूंमध्ये पण?" असं विचारणाऱ्या मित्राला सांगतो, हो, आणि फक्त कोचीत नाही. आमच्यात सुद्धा गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता. आपल्या समाजाबाहेरच्या बाईपासून झालेली संतती म्हणून कुणाच्या तरी पणजोबाला काळा इस्राएल ठरवलं की पुढच्या सगळ्या पिढ्या त्यातच. लग्नं होत नव्हती, जेवायची भांडी वेगळी.
माझी आजी सांगायची की ती लहान असताना एका घरी मालिद्याला गेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मालिदा म्हणजे एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं असं ताट करून प्रार्थना म्हणतात आणि मग तो प्रसाद वाटतात. सगळ्यांना ताटातून मिळाला, तिच्या मैत्रिणीला मात्र पानावर काढून दाराशी दिला. आजी म्हणायची, "मी तिच्याकडे बघितलं तर ती पोहे मुठीत धरून उभीच होती, खाल्लेच नाहीत." ऐंशी वर्षांची झाल्यावरही आजीला ती मूठ आठवायची.
आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे आम्हालाही वर कुणीतरी कमी लेखणारं होतंच. बगदादी ज्यू (इराककडून भारतात आलेले) आम्हाला पूर्ण ज्यू मानायला तयार नव्हते. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये आमच्या लोकांना मताचा हक्क नाकारला, ते प्रकरण १९३० च्या दशकात थेट कोर्टात गेलं आणि निकाल आमच्या बाजूने लागला. इस्रायलला गेल्यावर पुन्हा लग्नाच्या नोंदणीवरून तेच, लोकांनी निदर्शनं केली, शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेने सांगितलं की बेने इस्राएल हे सगळ्या बाबतीत ज्यूच आहेत.
कोचीचं आमच्यावर ऋणही आहे हे पण लिहितो. आमच्या कोकणातल्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद म्हणून. आम्ही शनिवार पाळत होतो, सुंता करत होतो, पण हिब्रू प्रार्थना विसरलो होतो, त्या शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीहून माणसं आली. आमच्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो) आज ज्या चालीत म्हणतात त्यात त्यांचा वाटा आहे.

कोर्टवाली
तुमच्या आजीची ती मूठ वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.
@जुनी_पानं एक विचारू का, ते वकील असून कोर्टात का गेले नाहीत? रंगूनवाले गेले, जिंकले. मला वकील म्हणून पहिला विचार तोच आला, दावा लावायचा.

जुनी_पानं
त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, माझा अंदाज लिहितो. रंगूनला भांडण मताचं होतं, मत कायद्यात बसतं. इथे हवं होतं ते शेजारी बसणं. कोर्ट फार तर दार उघडायला लावेल, पण बाकावर तुम्ही बसलात की शेजारचा उठून गेला तर त्याला कुठला हुकूम बजावणार? त्याला तिथेच, त्याच बाकावर, रोज तुमची सवय व्हायला हवी. सालेमना ती गल्ली सोडायचीच नव्हती, जिंकून पण नाही आणि हरून पण नाही.
सगळं नीट झालं असं मात्र समजू नका. १९५० मध्ये त्यांच्याच मुलाने गोऱ्या परदेशी घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, तसं पहिलंच लग्न, तर ते कोचीत होऊ शकलं नाही, मुंबईला येऊन करावं लागलं. म्हणजे बापाला बाक मिळून इतकी वर्षं झाल्यावर ही स्थिती.
आणि पुढचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. १९३३ मध्ये ते पॅलेस्टाइनला जाऊन आले होते. इस्रायल झाल्यावर कोचीच्या ज्यूंना तिकडे जायचं होतं, पण हत्तीरोगाच्या भीतीने तिकडचे अधिकारी घ्यायला तयार नव्हते, वर्षानुवर्षं लोक सामान बांधून बसलेले. सालेम म्हातारपणी त्यांच्यासाठी इस्रायलला गेले, बोलणी केली, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळे गेले. ते स्वतः गेले नाहीत. ज्यू टाऊनमध्येच राहिले, १९६७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी सिनेगॉगला ४०० वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी कार्यक्रमाला आल्या होत्या. अजून एक वर्ष मिळायला हवं होतं त्यांना.

नवगावचा_किनारा
हत्तीरोगाचं बरोबर आहे, आमच्याकडेही मोठी माणसं हे बोलायची. ज्या लोकांनी आयुष्यभर त्यांना बाहेर बसवलं त्यांच्याही जाण्यासाठी धडपडले, हे माझ्याच्याने झालं नसतं, खरं सांगतो.

कोर्टवाली
दोघांचे मनापासून आभार. ती बाहेरची खोली मला आत्ता आठवतेय. मी तिथे दोन सेकंदही थांबले नव्हते, सरळ आत गेले होते फरश्या बघायला. डिसेंबरच्या सुट्टीत परत जाणार आहे, यावेळी आईला घेऊन, आधी तिथे बसणार. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतं ना?

जुनी_पानं
हो, शनिवारी बंद. रविवारी सकाळी जा.